गुळातला ळ

रविवारी सकाळी कॅबिनेट उघडलं
तर आतून भसकन हळद उडाली.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या पट्ट्यांवर,
मदरबोर्डाच्या गल्लीबोळांत
यार्डातली वीस वर्षांची पिवळी धूळ.
"अगं बाई, नवरीच झालीस की,"
मी म्हणाले, आणि दाढीच्या ब्रशनं
तिला पुसायला घेतलं.
(ब्रश नवऱ्याचा. त्याला अजून ठाऊक नाही.)

लोक मांजरं पाळतात, मी केबल पाळते.
माझ्या ड्रॉवरमध्ये अकरा चार्जर आहेत
ज्यांचे फोन केव्हाच वारले,
आणि एक गोल पिन, जिचं भोक
अख्ख्या हरभट रोडवर कुणाकडे नाही.
टाकून दे म्हटलं की पोटात कालवतं.
रात्री अपडेट येतं, मी उठून बसते,
त्र्याण्णव टक्के, चौऱ्याण्णव,
दूध उतू जाईल म्हणून
गॅसपाशी उभं राहावं तशी.

पण हे मशीन आदगोंडा अण्णांचं.
सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची अडत,
हळदीची, गुळाची, मधेच कधी बेदाण्याची.
नातवानं नवा लॅपटॉप आणून दिला.
"जुनं सगळं त्यात घाल वैजू," म्हणाले,
"आणि वाटेत काय बी सांडू नको."

फाइली जुन्या फॉन्टातल्या.
पडद्यावर नुसते कंस, टोप्या, डॉलर,
पाल झटकल्यासारखी तुटकी शेपटं.
मी तक्ता मांडला: या खुणेला क, त्या खुणेला त्र.
ऱ्हस्व वेलांटी तेव्हा अक्षराच्या आधी टंकायचे,
तिला उचलून मागं बसवलं.
रफाराला मागून ओढत पुढं आणलं.
तीन रात्री.
चौथ्या पहाटे अडीचला
एकदम मराठी उगवली.

भडंगाचा बकाणा भरून वाचायला लागले.
हद, राजापुरी, पोती ५२.
गू, रवे ४०, माल उत्तम.

भडंग नाकात गेलं.
हसता हसता खाली सरकत गेले:
माळवाडीची मावाडी, कांबळ्यांचे कांबे,
आणि एका वर्षाच्या समासात,
दुष्काळाच्या जागी, दुष्का.
सगळ्या वह्यांत एकही ळ नव्हता.
तो ज्या खुणेवर बसायचा
ती नव्या मशीनला कोरी जागा वाटली असणार,
तिनं नीटनेटकेपणानं झाडून टाकली.

जुनी डिस्क पुन्हा जोडली.
तिनं दोनदा टक् टक् केलं
आणि मान टाकली.

सोमवारी छापील कागद घेऊन गेले,
तोंड कसनुसं करून.
अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद लांब धरला आणि वाचत सुटले:
"हळद, राजापुरी, पोती बावन्न.
गूळ, रवे चाळीस. माळवाडीचा कांबळे,
लई सरळ माणूस."
कुठं ठेच नाही की अडखळणं नाही.
"अण्णा, यात ळ नाहीये."
"नाही कसा? ह्यो काय."
आणि पिवळं पडलेलं नख
गू-च्या पुढच्या कोऱ्या कागदावर टेकवलं.

मग ते वाचत गेले, मी टंकत गेले.
हमाल येऊन जात होते, तोलारानं चहा सांगितला,
सौद्याची हाळी दोनदा होऊन गेली.
दुपारपर्यंत शिफ्टच्या बटणावर
माझी करंगळी दुखायला लागली.

एका ओळीवर ते थांबले.
बा. रु. ५००. परत मागू नयेत.
"हे काय, अण्णा? बाळ की बा?"
त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.
बाहेर कुणीतरी पोतं आपटलं,
दारातून पिवळा लोट आत आला,
नव्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर बसला.
मी फुंकर मारली नाही.
"ऱ्हाऊ दे तसंच," म्हणाले.

राहू दिलं.